फवारणी न केलेल्या ओळींबद्दल

ती. स्व. काका आणि काकूंस,
सा. न.

माझा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. त्यात तुमचं शेत एवढंच आलंय: ‘नियंत्रण – फवारणी नाही’. ते तुम्हाला केवढ्याला पडलं हे प्रबंधात कुठेच नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

कीटकशास्त्र मी निवडलं नव्हतं. एम.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत उद्यानविद्येची जागा हुकली आणि हा विषय पदरात पडला. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर काम ठरलं, तर शेतच मिळेना. दर आठवड्याला हिरवी बोंडं तोडून फोडायची, वर काही ओळींवर औषधच मारायचं नाही, हे ऐकून लोक चहा पाजून वाटेला लावायचे. त्यांचं तरी काय चुकलं? २०१७ मध्ये या अळीने विदर्भात घातलेला धुमाकूळ सगळ्यांनी पाहिलेला. तुम्ही विचारलंत, “न फवारलेल्या ओळी कशाला पायजे?” मी म्हटलं, अळी औषधानं कमी झाली की आपोआप, हे त्याशिवाय कळणार नाही. “मंग घे बांधाकडच्या.”

अळी आत शिरल्यावर तिचं छिद्र बोंड वाढताना बुजतं. बाहेरून बोंड धडधाकट, म्हणून फोडावंच लागतं. माझ्या हातून ते चिरडायचं. अंगठ्याने दाबून कप्पे सुटे करायला तुम्ही शिकवलंत. अळीने पाकळ्या धाग्यांनी बांधून टाकलेली डोमकळी चालता चालता टिपायलाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या) रात्रीला ८ पतंग, असं सलग ३ रात्री झालं की फवारणीची वेळ, हे गणित मात्र मी तुम्हाला शिकवलं. तेवढी फुशारकी मारू द्या. (त्या वासाला नरच फसतात, याचं काकूंना भारी हसू आलं होतं.)

त्या ओळींतून शेवटी निघाली ती बहुतेक कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. काकूंनी ती वेगळी वेचली, चकार शब्द न काढता. वर तुम्ही फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही झाडं राखून आणखी कापूस घ्यायचा, मोह सोडून डिसेंबरातच पऱ्हाटी उपटलीत.

आता पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय आणि या वेळी कीटकशास्त्र मीच मागून घेतलंय. बांधाकडच्या ओळी पुन्हा लागतील. प्रस्तावाच्या खर्चात मी त्यांच्या नुकसानभरपाईचा रकाना घातला आहे; खरं तर तो प्रत्येक प्रस्तावात आधीपासून असायला हवा. तुम्ही नको म्हणणार, ठाऊक आहे. मंजूर झाले की पैसे काकूंच्या खात्यात जमा होतील.

तुमची,
बोंडं फोडणारी पोरगी