मूठमाती आणि गादी

चि. आशिष,
प्रभूमध्ये सलाम.

रविवारी फोनवर तू चिडलास. "आई, आजारी माणसाला रोज रात्री बायबलमधली राजांची पुस्तकं कशाला वाचून दाखवतेस? हा मेला, तो गादीवर बसला, एवढंच तर आहे त्यात. स्तोत्रं वाच." बाबा शेजारीच होते, म्हणून मी विषय वाढवला नाही. आत्ता त्यांचा डोळा लागलाय.

राजे मी काढलं नाही, त्यांनीच काढायला लावलं. थंडी पडल्यापासून त्यांचे पाय गार पडतात. दोन गोधड्या, वर घोंगडी, तळव्यांना कोमट तेल, तरी हात लावला की माझ्याच अंगावर शहारा येतो. एका रात्री म्हणाले, "माझा दावीद झालाय बघ. काढ १ राजे." खरंच पहिल्याच ओळीत आहे ते. दावीद राजा म्हातारा झाला, पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येईना. गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडणारा, हेब्रोनात ७ आणि यरुशलेमेत ३३ अशी ४० वर्षं राज्य केलेला माणूस. आणि त्याला ऊब मिळावी म्हणून शूनेम गावची अबीशग नावाची पोर शोधून आणतात.

राजा आत कुडकुडतोय आणि बाहेर त्याचा मुलगा अदोनीया रथ जुंपून, पुढे धावायला ५० माणसं ठेवून "मीच राजा होणार" म्हणतोय. एन-रोगेलच्या झऱ्यापाशी पंगत बसलीय. सेनापती यवाब तिथे, याजक अब्याथार तिथे. सगळ्या भावांना आवतण, फक्त शलमोनाला नाही. याच्या मधोमध एक वाक्य येतं, की अदोनीयाला त्याच्या बापाने उभ्या जन्मात "तू असं का केलंस?" असं विचारून कधी दुखवलं नव्हतं.

तिथे बाबा म्हणाले, "थांब. परत वाच." मी परत वाचलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यांच्या मनात काय आलं ते तुला सांगायला नको. दादाने विहिरीसाठी न सांगता कर्ज काढलं, तेव्हा बाबांनी निमूटपणे फेडलं, का म्हणून विचारलं नाही. तू शेत सोडून शहरात राहिलास, तेव्हाही विचारलं नाही. आपण सगळे त्याला बाबांचा मोठेपणा म्हणत आलो. मीही म्हणत आले. दावीदानेही तेच केलं होतं रे. त्याच्या मुलाने, अम्नोनाने, सावत्र बहीण तामारेवर अत्याचार केला तेव्हा तो रागावला, पण बोलला नाही. तिचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाला मारून पळाला होता, तो परत आला तर दोन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. पुढे तोच अबशालोम बापावर उठला आणि मारला गेला, तेव्हा मात्र वेशीवरच्या खोलीत "माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा" करत रडला.

शेवटी आत गेली ती शलमोनाची आई, बथशेबा. नाथान संदेष्ट्याने तिला पाठवलं हे खरं, पण मरणाला टेकलेल्या नवऱ्यापुढे "तुमच्यामागे कोण, ते सांगा" म्हणायला केवढं काळीज लागत असेल! ती स्पष्ट म्हणाली, की तुम्ही न सांगता गेलात तर मी आणि माझा मुलगा गुन्हेगार ठरू. मग एका दिवसात सगळं झालं. शलमोनाला राजाच्या खेचरीवर बसवून गीहोन झऱ्यावर नेलं, सादोक याजकाने शिंगातलं तेल ओतलं, कर्णा वाजला. तो आवाज खाली पंगतीत ऐकू गेला आणि जेवणारे पळाले. अदोनीयाने आसऱ्यासाठी वेदीची शिंगं धरली. तेव्हा वाचला, पण पुढे अबीशगेला मागितलं म्हणून मारला गेला. यवाबाला तर वेदीपाशीच मारलं. वेळेवर न बोललेलं इतक्यांच्या जिवावर आलं.

आणि तू म्हणतोस, हा मेला तो मेला. त्या एका ओळीतच सगळं आहे, बाळा. "आपल्या पूर्वजांजवळ जाऊन निजला, त्याला दावीदपुरात मूठमाती दिली, त्याच्या जागी त्याचा पुत्र राजा झाला." पण सगळ्यांची ओळ सारखी नाही. शलमोनामागे राज्याचे दोन तुकडे झाले, त्यातल्या दक्षिणेच्या यहूदाचा राजा यहोराम, त्याचं बघ. बापाने त्याच्या सहा भावांना सोनं, रुपं, तटबंदीची नगरं देऊन नीट मार्गी लावलं होतं. याने गादीवर बसल्यावर सहाही भावांना कापलं. आतड्याच्या दुखण्याने मेला, आणि बायबलच्या इतिहास नावाच्या पुस्तकात लिहिलंय, की तो गेल्याचं कोणाला दुःख झालं नाही. पुरला दावीदपुरात, पण राजांच्या कबरांमध्ये नाही. त्याचा नातू योवाश. त्याच्या आजीने, अथल्येने, राजवंश संपवायला घेतला तेव्हा आत्याने, यहोशेबेने, त्या तान्ह्या बाळाला दाईसकट लपवलं. सहा वर्षं मंदिरात लपवून वाढवलं आणि सातव्या वर्षी यहोयादा याजकाने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. यहोयादा गेला तेव्हा लोकांनी त्याला, एका याजकाला, राजांमध्ये पुरलं. योवाशाने पुढे त्याच यहोयादाच्या मुलाला दगडमार करवला. त्याच्याच चाकरांनी त्याला बिछान्यात मारलं, आणि त्याला राजांच्या कबरेत जागा मिळाली नाही. ही दोन मरणं एकाच अध्यायात आहेत. मी तिथे वाचायची थांबले होते.

उत्तरेच्या इस्राएलात तर धड वंशच टिकला नाही. जिम्री सात दिवसांचा राजा, राजधानी तिरसातला वाडा पेटवून त्यातच मेला.

एक गोष्ट मात्र मला यंदाच दिसली. यहूदाचा राजा गादीवर बसला की बहुतेक वेळा त्याच्या आईचं नाव लिहिलेलं असतं. रहबामाची नामा, मनश्शेची हेफसीबा, योशीयाची यदीदा. यहोयाखीन १८ वर्षांचा, तीन महिन्यांत बाबेलला धरून नेला, त्याच्याबरोबर त्याची आई नहुश्ताही गेली. आणि भावांना मारणाऱ्या यहोरामाच्या आईचं नाव कुठेच नाही. का ते कोण सांगणार, पण मी बोट ठेवून शोधलं.

काल हिज्कीया झाला. चांगला राजा, सगळ्यांचा आवडता. आजारात भिंतीकडे तोंड करून रडला, १५ वर्षं वाढवून मिळाली. मनश्शे १२ वर्षांचा असताना गादीवर आला, म्हणजे हिशेब केला तर त्या मिळालेल्या वर्षांतलाच मुलगा. नंतर यशया संदेष्ट्याने सांगितलं, की तुझ्या पोटच्या मुलांना बाबेलला नेतील. त्यावर हिज्कीया म्हणतो, बरं आहे, माझ्या हयातीत तर शांती राहील! हे मला कधीच पटलं नाही, आणि मी तसं मोठ्याने म्हणाले.

बाबा उठून बसले. स्वतःहून, उशी न मागता. म्हणाले, "दोघांनाही बोलव. शेताचं, घराचं, तुझं, सगळं मीच सांगतो. आणि दोघांना मला काही विचारायचंही आहे."

दादाला मी सकाळीच फोन केला, तो शनिवारी येतोय. तूही ये. एकटा ये, सूनबाईला नंतर घेऊन ये. ते रागाने काही विचारतील, तर लगेच उत्तर देऊ नकोस, त्यांचं पूर्ण होऊ दे. येताना जाड लोकरीचे मोजे आण, इथले पातळ निघाले.

आज रात्री योशीया आहे.

तुझी,
आई