नानांची बोटे

गिरगाव, मुंबई

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा वांद्रे टर्मिनसवर गाडी हलेपर्यंत तू माझ्याकडे पाहिले नाहीस, आणि तुझा राग योग्यच होता. काचबिंदूची फाइल कपाटात कपड्यांखाली लपवायला नको होती, आणि ती तुझ्या हाती लागल्यावर ‘तुझा अभ्यास बिघडू नये म्हणून सांगितले नाही’ हे उत्तर तर मुळीच द्यायला नको होते. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली टिकावी म्हणून रोज रात्री थेंब घालायचे असतात आणि आई ते विसरू देत नाही. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, तेव्हा तू डोळ्यांचा दाब मोजून घे, एवढे लिहून मी हा विषय संपवतो.

पत्र तुझ्या कामाविषयी लिहायचे आहे. तू जोधपूरला नेमके काय शिकतेस हे वसुकाकांना सांगताना मी आधी अडखळलो. मग म्हटले, ती जुन्या मराठी मासिकांची पाने संगणकाकडून वाचून घेते, आणि मुखपृष्ठांवरील स्त्रियांच्या हाती दिवा आहे, फूल आहे, आरसा आहे की पुस्तक, याची एकेक नोंद करते, म्हणजे दहा अंक चाळून जे ध्यानात येत नाही ते हजार अंकांतून दिसू लागेल. सांगता सांगता माझा आवाज चढला होता, असे आई म्हणते. चढला असेल.

रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरूंनी १९४९ मध्ये आयबीएमच्या मदतीने थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या ग्रंथांतील शब्दांची सूची यंत्राने वाचायच्या छिद्रांच्या कार्डांवर करायला घेतली आणि ती पुढे ५६ खंडांत छापली गेली, हे तूच मला सांगितलेस. त्या कार्डांना छिद्रे पाडणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, हेही सांगितलेस. तेव्हापासून त्या मुली माझ्या मनातून जात नाहीत. लाखो शब्द त्यांच्या डोळ्यांखालून गेले असतील, आणि त्यांच्या डोळ्यांची विचारपूस कोणी केली असेल का? पाहा, पुन्हा तिथेच आलो.

तुझ्या कामात मला दोन गोष्टींचा अनुभव आहे, तेवढ्या सांगतो. पहिली अनुस्वारांची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असेच असणार, आणि तुझा संगणक ‘नाहीं’ व ‘नाही’ हे दोन वेगळे शब्द म्हणून मोजील. मोजणीपुरते ते एकत्र आण, पण मूळ पाठ आहे तसा जपून ठेव. प्रूफ सुधारताना जुने रूप पुसून टाकायचा अधिकार आपल्याला नसतो.

दुसरी गोष्ट बांधणीची. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला त्या काळापासूनची मासिके ग्रंथालयांत वर्षावर्षाचे खंड बांधून ठेवलेली आढळतात, आणि बांधणारे अनेकदा सर्वांत आधी मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकत. मी स्वतः अशा पानांचे ढीग रद्दीत गेलेले पाहिले आहेत. म्हणून एखाद्या वर्षात पुस्तक धरलेली स्त्री तुला सापडली नाही, तर ती चितारली गेली नाही असे लगेच लिहू नकोस, कारण ती कदाचित बांधणीच्या टेबलाखाली पडली असेल. जे अंक मुखपृष्ठाविना मिळाले त्यांचीही वेगळी मोजदाद ठेव, ती तक्त्यातच दाखव, आणि मार्गदर्शक घाई करत असले तरी... असो. मी व्याख्यान देऊ लागलो. तुला हे ठाऊक असेल, क्षमा कर.

तुझ्या आजोबांविषयी, नानांविषयी, तुला अर्धेच सांगितले आहे. ते छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, बोटांनी वाचत, ही गोष्ट तू लहानपणी शंभरदा ऐकलीस. खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की तो कोणत्या बाजूने लावायचा ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कळते, हे खरे आहे, पण नाना खाचेवर थांबत नसत, अक्षराच्या तोंडावरही बोट फिरवत. आम्ही पोरे डबा घेऊन छापखान्यात जायचो तेव्हा सगळे जुळारी त्यांच्याकडे बोट दाखवून कौतुक करत, आणि मी फुलून जाई. घरी येताना ते दाराच्या चौकटीला खांदा आपटत, जिन्यातल्या बादलीला पाय लावत, तेव्हा आजी त्यांना वेंधळे म्हणे. त्यांना दिसत नव्हते, मुक्ता. काचबिंदूत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे अक्षर बराच काळ स्वच्छ दिसत राहते आणि कडा मिटत जातात. आम्ही त्यांच्या बोटांचे कौतुक करत राहिलो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या नजरेचा नकाशा समोर ठेवून घरात आणखी कोणाला होते का असे विचारले, तेव्हा मला ती बादली आठवली.

संगणकामुळे काचबिंदू होत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे काम कमी कर असे मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. फक्त एकदा दाब मोज, नजरेचा नकाशा काढून घे, आणि काही नसले तरी त्याचा कागद दिवाळीला येताना आण, म्हणजे माझ्या फाइलीत लावतो. ती आता टेबलावर आहे.

थेंब घातल्यावर थोडा वेळ अक्षरे पुसट दिसतात, म्हणून येथे थांबतो.

तुझे
बाबा