समुपदेशकाच्या दाराबाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की 'पालकांनी मुलांचं समुपदेशन करून घ्यावं' हे वाक्य दरवर्षी छापून येतं. सल्ला बरोबरच आहे. पण पोराला न्यायचं कुठं, आत होतं काय आणि आपण तिथं वागायचं कसं, हे खेड्यातल्या माणसाला कोणी सांगत नाही. मी घाटंजी तालुक्यातली. घरची सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी मी या वाटेनं जाऊन आले, म्हणून लिहिते आहे.

त्याचं पोट दुखायचं. सकाळी शाळेची वेळ झाली की सुरू, रविवारी मात्र नाही. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तालुक्याला सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, एका जाणत्याकडेही नेऊन आणलं. पोळ्याला सुरू झालेलं दुखणं दिवाळीपर्यंत एवढं वाढलं की शाळा जवळजवळ सुटली. शेवटी एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटात काही नाही, पण दुखणं खरं आहे. याला समुपदेशकाकडे न्या." दुखणं खरं आहे, हे त्या पोरासमोर बोलल्या. तोवर घरात आम्ही सगळे 'नाटकं करून राहिला हा' म्हणत होतो. त्या दिवशी त्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

तरी तो जायला तयार नव्हता. "मले पागल समजून राहिले काय तुम्ही?" गावातही तेच. आम्ही सकाळच्या एसटीत बसलो आणि संध्याकाळी 'पोराले पागलखान्यात नेलं म्हणे' ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती.

समुपदेशन या शब्दातच 'उपदेश' आहे, आणि आमची समजूतही तीच होती. आत शिरल्या शिरल्या याचे बाबा म्हणाले, "मॅडम, याले जरा चांगलं समजावून सांगा. शाळेत जात जाय म्हणा." समुपदेशक बाईंनी ते लिहून घेतलं आणि आम्हालाच अर्धा तास विचारत बसल्या. झोप किती, जेवण कसं, लहानपणी मोठं आजारपण झालं होतं का, शाळा कधी बदलली, घरात अलीकडे कोणी गेलं का, कर्जाची बोलणी मुलासमोर होतात का. या शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोघंही गप्प राहिलो.

मग तिघांसमोर त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. मुलगा इथं जे बोलेल ते इथंच राहील, आईबापालाही सांगणार नाही. त्याच्या जिवाला धोका असेल, त्याच्याकडून दुसऱ्याला असेल किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तरच गोष्ट बाहेर जाईल. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे. एवढं सांगून त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

पाऊण तास आम्ही बाकावर होतो. याचे बाबा दोनदा उठून दारापर्यंत गेले. आपल्या पोराचं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये, हे आईबापाला फार जड जातं. पण तो वेळ मुलाचा असतो. परतीच्या एसटीत 'काय विचारलं, तू काय सांगितलं' असं खोदून विचारायचं नाही, हेही बाईंनी बजावलं होतं. मी घाटंजीपर्यंत ओठ दाबून बसले.

पहिल्या दिवशी तो फारसा बोललाच नाही, हे त्यानंच नंतर सांगितलं. बाईंनी त्याला कागद दिला आणि अंथरुणातून उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता काढायला लावला. पोट कुठं दुखायला लागतं तिथं खूण कर म्हणाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्यानं तो कागद आपण होऊन मला दाखवला. खूण घरात नव्हती, शाळेतही नव्हती, नाल्याच्या पुलापाशी होती. तिथं काय झालं ते त्यानं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही. बाईंना ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पुढचं काम हळूहळू चाललं. मुख्याध्यापकांशी बोलून ठरलं, की आधी नुसतं परिपाठापर्यंत थांबायचं, मग दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. पोटात गोळा आला की सावकाश श्वास सोडायची एक रीत शिकवली, ती आता आजीही करते. आम्हालाही काम होतं. चुलतभावाच्या मार्कांशी तुलना बंद, कर्जाचा हिशेब पोरं झोपल्यावर. तिसऱ्या भेटीनंतर तो चिडला, 'मी आता येत नाही' म्हणाला, रात्री जेवला नाही. मला वाटलं, केलेलं सगळं पाण्यात गेलं. पण बोलायला लागल्यावर मधेच असं बिनसतं, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. एकूण पाच महिन्यांत नऊ फेऱ्या झाल्या. गोळ्या लागल्या नाहीत. समुपदेशक गोळ्या लिहून देतही नाहीत, ते मनोविकारतज्ज्ञाचं काम. कोणाच्या मुलाला लागल्या तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. मरणाचे विचार येतात का, हे बाईंनी त्याला सरळ विचारलं होतं. मला धस्स झालं, की याच्या डोक्यात नसेल तर आता येईल. पण विचारल्यानं तो विचार येत नाही. असेल तर मूल बोलतं आणि हलकं होतं. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" आमचं औषध दाराआड पोत्यावर उघडं पडलेलं असायचं. त्याच संध्याकाळी ते कुलपाच्या पेटीत गेलं, आणि किल्ली याच्या बाबांच्या करगोट्याला. कापसाच्या मुलखातल्या प्रत्येक घरानं एवढं तरी आजच करावं.

सरकारी दवाखान्यात आम्हाला फी पडली नाही. पडला तो दिवस. ऐन वेचणीत दोन माणसांची मजुरी आणि एसटीचं भाडं, असं नऊ वेळा. ज्यांचं हातावर पोट आहे ते दुसऱ्या फेरीलाच थांबतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' त्याखालीच चालतात. माझी मागणी आहे, की तिथल्या समुपदेशकांनी आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावी बसावं. त्या दिवशी आसपासच्या खेड्यातली माणसं येतातच, आणि पोराला कुठं नेलं याची चर्चाही होत नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. आमच्या पंचक्रोशीतल्या शाळांत ते माणूस कधी येणार, हे शिक्षण विभागानं पालकसभेत येऊन सांगावं.

तोवर आपण एवढं करा. निकालाच्या बातम्यांशेजारी टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तिसऱ्या भेटीनंतरच्या त्या रात्री मी स्वतः त्यावर बोलले. मुलांना स्वतःला अडचण सांगायची असेल तर १०९८ आहे, तोही छापा.

मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक आई
ता. घाटंजी, जि. यवतमाळ