रोपाला चिठ्ठी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुष्पप्रदर्शनांचे फोटो जानेवारीत तुमच्या अंकात आले की आमच्या इमारतीतल्या निम्म्या गॅलऱ्यांमध्ये नवी रोपं येतात. होळीपर्यंत त्यातल्या बहुतेक कुंड्या जिन्याखाली उपड्या पडलेल्या असतात. बायका म्हणतात, "माझ्या हाताला गुणच नाही." पिटुनिया, डायँथस ही मुळात थंडीतली फुलं. ऊन तापलं की त्यांचा मोसमच संपतो, त्याला कुणाचा हात काय करणार? पण विकताना हे कोणी सांगत नाही.

मी पोस्टात एकतीस वर्षं काउंटरला होते. पत्ता नसलेलं पार्सल आम्ही घेत नसू. रोपं मात्र सर्रास बिनपत्त्याची विकली जातात, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

तीन वर्षांपूर्वी दारावर आलेल्या हातगाडीवरून मी लाल गुलाब घेतला. एक फूल उमललेलं, दोन कळ्या. महिन्याभरात बुंध्याजवळून एक हिरवागार, जाडजूड फुटवा निघाला. मला केवढा आनंद! शेणखत काय, कांद्याच्या सालींचं पाणी काय, सगळे लाड त्या एका फांदीचे. ती ग्रिलच्या बाहेर हातभर गेली, पण वर्षभरात कळी म्हणून धरली नाही, आणि वरचा मूळ गुलाब तोवर काडी होऊन वाळला. शेवटी सोसायटीच्या माळीदादांनी माती बाजूला करून बुंध्यावरची प्लास्टिकची पट्टी दाखवली. "काकू, डोळा भरलेला या पट्टीच्या वर. तुम्ही वर्षभर खालचा खुंट पोसलात." म्हणजे दुसऱ्याच गुलाबाच्या बुंध्यावर (खुंटावर) माझ्या लाल गुलाबाचा डोळा बसवून केलेलं ते कलम होतं. पट्टीच्या खालचा फुटवा दिसताच मुळापासून काढायचा, एवढं एक वाक्य मला विकणाऱ्याने सांगितलं असतं, तर झाड जगलं असतं.

हातगाडीवाल्याला दोष देत नाही. तो ट्रकमधून उतरलेला माल विकतो, त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. ऊन किती लागतं विचारलं की ठरलेलं उत्तर, "कुठंपण ठेवा, ताई." माझ्या पूर्वेच्या गॅलरीत ऊन येतं आठ ते साडेदहा. त्यात मोगऱ्याने दोन वर्षं नुसती पानं दिली. गच्चीत नेऊन ठेवला, डिसेंबरात पाणी तोडलं, छाटला, मग खत-पाणी दिलं, तर चैत्रात ओंजळभर फुलं! रोप तेच होतं, जागा चुकली होती.

शेवंतीची गंमत तर आणखी वेगळी. आवारात रात्रभर जळणारा एलईडी दिवा बसवला आणि त्या वर्षी माझ्या शेवंतीला कळीच आली नाही. तिचाच तोडलेला शेंडा खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे मागच्या अंगाला लावला होता, तो मात्र पिवळाधमक. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते, आणि माझ्या गॅलरीत रात्रच होत नव्हती. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशी झाल्यावर कुंडी स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या खिडकीत हलवली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहिली फुलं घटाला वाहिली.

नावांचा घोळ निराळाच. 'चाफा द्या' म्हटलं की सोनचाफा मिळेल, देवचाफा मिळेल, नाहीतर कवठी चाफा. सोनचाफाच मिळाला तरी तो बियांचा असेल तर फुलासाठी सात-आठ वर्षं वाट बघायची. कलमी असेल तर कुंडीतसुद्धा लवकर फुलतो. दिसायला पिशवीतली रोपं सारखीच. आणि ब्रह्मकमळ! आमच्याकडे ते फुललं की रात्री बारा वाजता आरती होते. होऊ दे, फूल देखणंच आहे. पण तो मेक्सिकोकडचा निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते वेगळं. या निवडुंगाचं पान मातीत खोचलं तरी रुजतं. त्यासाठी 'हिमालयातलं दुर्मीळ' म्हणून अडीचशे रुपये मी मोजले आहेत.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात १९६९चा कायदा आहे, त्यांना परवाना लागतो. फुलझाडांसाठी कायदा करा असं मी म्हणत नाही. पिशवीला एक चिठ्ठी असावी. नाव मराठीत, ऊन किती तास, फुलण्याचा मोसम कोणता, आणि रोप बियांचं, छाटाचं की कलमाचं. महापालिका प्रदर्शनात विक्रीचे गाळे देतात, तिथेच ही अट घातली तर सुरुवात होईल. मोठ्या रोपवाटिका अशी चिठ्ठी लावू लागल्या की त्यांचा माल घेणाऱ्या गाड्यांवरही ती आपोआप पोचेल.

माझ्या गॅलरीत आता अबोली आहे, माहेरची, मालवणची. तिला तेवढं सकाळचं ऊन पुरतं. तिची वाळलेली कणसं पहिल्या पावसात भिजली की टचटच फुटतात आणि बिया लांब उडतात. गेल्या वर्षी एक बी खालच्या वहिनींच्या कुंडीत पडून रोप चांगलं वीतभर वाढलं. त्यांनी तण समजून उपटून टाकलं.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)