सिस्टर, तोंड न उघडणाऱ्या पेशंटचा टीईई तुमच्यामुळे होतो

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

टीईई म्हणजे अन्ननलिकेत नळी (प्रोब) घालून केलेला हृदयाचा इको. लहान मुलांसाठी बनवलेला बारीक टीईई प्रोब मोठ्या माणसांत वापरला की श्रेय इको करणाऱ्याला मिळतं, नाहीतर भूल देणाऱ्याला. रिपोर्टवर सहीही त्यांचीच. तुमचं नाव त्या कागदावर कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. दुसऱ्या एखाद्या इकोरूममध्ये हे काम सुरू होत असेल तर तुमची पद्धत तिथेही उपयोगी पडावी, म्हणून तपशील गाळलेला नाही.

हे पेशंट कोण असतात ते तुम्हाला सांगायला नको. मायट्रल झडप आखडलेली, फुग्याने ती उघडायचं ठरलेलं, आणि त्याआधी डाव्या कर्णिकेच्या अपेंडेजमध्ये (कर्णिकेला जोडलेल्या छोट्या पिशवीत) गुठळी नाही ना याची खात्री हवी. छातीवरच्या इकोत तो कोपरा भरवशाने दिसत नाही, अन्ननलिकेतूनच बघावं लागतं. पण सुपारी, गुटखा, खर्रा खाऊन गाल आतून कडक झालेले, तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी अशी तोंडं रोज दिसतात. मोठ्यांच्या प्रोबचं टोक साधारण १४ ते १७ मिमी रुंद. दातांमध्ये २० मिमी जागा असली तर कागदावर तो बसतो, बाइट ब्लॉक (प्रोब चावला जाऊ नये म्हणून दातांत धरायचा ठोकळा) घातला की बसत नाही. नवजात बाळांसाठीच्या मायक्रो प्रोबचं टोक ७.५ मिमी आणि दांडा ५ मिमीच्या थोडा वर, म्हणून तो जातो.

म्हणूनच तुम्ही तोंड किती उघडतं हे बोटांनी मोजत नाही. पट्टी लावून वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये आदल्या दिवशीच केसपेपरवर लिहिता. त्या एका आकड्यावर कुठला प्रोब, कुठला ब्लॉक आणि भूलतज्ज्ञ हाताशी हवा की नको, हे सगळं ठरतं. त्याच वेळी तुम्ही विचारता, ‘घास अडकतो का? रक्ताची उलटी कधी झाली होती का?’ अन्ननलिका अरुंद झालेली असेल, तिच्यात फुगलेल्या शिरा असतील, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, तर प्रोब कितीही बारीक असला तरी धोका टळत नाही. ‘लहान आहे, घालून तर बघू’ हे वाक्य तुम्ही कुणालाच पूर्ण करू देत नाही, त्याबद्दल वेगळे आभार.

घसा बधिर करण्याचा तुमचा हिशोब तर प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने बघावा. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनच्या १० टक्के स्प्रेचा एक फवारा म्हणजे १० मिग्रॅ. २ टक्के व्हिस्कसचे (त्याच औषधाच्या घट्ट द्रवाचे) १५ मिली म्हणजे ३०० मिग्रॅ. ४५ किलोच्या बाईंना एवढं व्हिस्कस सरसकट दिलं, वर दहा फवारे मारले, की ४०० मिग्रॅ होतात, आणि कृश पेशंटला ते जास्त आहे. तुम्ही व्हिस्कस ५ मिली मोजून देता, फवारे मोठ्याने मोजता आणि बेरीज लिहून ठेवता. घसा चांगला बधिर असला की गुंगीचं मिडाझोलाम १ मिग्रॅवर भागतं. पेशंट जागा राहतो, सांगितल्यावर गिळतो, आणि प्रोब त्या गिळण्याबरोबरच आत जायला हवा.

ब्लॉकच्या बाबतीतही तुमचंच बरोबर होतं. मोठ्यांचा ब्लॉक या तोंडात मावत नाही, म्हणून काही जण नुसती गॉजची घडी दातांत धरायला देतात. दात त्यातून प्रोबवर उमटतो, आवरणाला बारीक भोक पडतं, आणि तिथून विजेची गळती होऊ शकते. लहान मुलांचा ब्लॉक बाजूने, दाढांच्या मध्ये बसवायचा हे तुम्ही दाखवलं. नाकातून जाण्याचा रस्ताही आहे. नाक मोकळं करणारे झायलोमेटॅझोलिनचे थेंब, भरपूर जेली, आणि मग नाकाच्या तळाला धरून सरळ मागे. पण हे पेशंट बहुतेक वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतात. त्या दिवसाचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचा आकडा) बघितल्याशिवाय तुम्ही नाकाची तयारीच करत नाही. घोळणा फुटला तर तो थांबवता थांबवता इको राहून जातो.

आता चित्राबद्दल, कारण तिथेही तुमचा हात आहे. मायक्रो प्रोबमध्ये ३२ एलिमेंट (ध्वनिलहरी सोडणारे बारीक तुकडे) असतात, मोठ्यांच्या थ्रीडी प्रोबमध्ये अडीच हजारांच्या आसपास. लहरी सोडणारा भाग लहान असल्याने किरण खोलवर पसरतो आणि बारकावे पुसट होतात. अपेंडेज, कर्णिकांमधला पडदा, मायट्रल झडप जवळ असल्याने बरी दिसतात. पोटातून घेतलेलं डाव्या जवनिकेचं चित्र आणि लांबचा डॉप्लर (रक्ताच्या वेगाचं मोजमाप) यांच्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय मोठ्या माणसाच्या अन्ननलिकेत हा प्रोब सैल पडतो. मध्ये हवा राहते, पडदा काळा होतो, आणि नवखा माणूस गेन (चित्राचा उजळपणा) वाढवत बसतो. गेन वाढवला की कर्णिकेत नसलेला ‘धूर’ (संथ रक्ताचा धुरासारखा आभास) दिसायला लागतो. तुम्ही टोकाला जेली सढळ लावता आणि मान किंचित पुढे झुकवून धरता. मग टोक पुढे वळवून अन्ननलिकेच्या पुढच्या भिंतीला टेकवलं की चित्र परत येतं. दातांपासून ३० ते ३५ सेमीवर, खोली १० सेमीच्या आसपास, फोकस अपेंडेजवर, आणि ०, ४५, ९०, १३५ अंशांवर प्रत्येकी निदान तीन ठोके. अपेंडेजच्या तोंडाच्या १ सेमी आत पल्स डॉप्लर ठेवून वेग २० सेमी/सेकंदाच्या खाली आला तर गुठळी डोळ्यात तेल घालून शोधायची. आतल्या स्नायूंच्या रेघा आणि डाव्या वरच्या फुप्फुस शिरेजवळचा उंचवटा गुठळीसारखे दिसतात. शंका उरली तर या प्रोबवर ‘गुठळी नाही’ असं लिहू नये, उशिराच्या फेजसह (औषध टोचल्यावर थोडं थांबून घेतलेल्या चित्रांसह) सीटी करून घ्यावा.

बारीक दांड्याचा एक दोष मोठ्या प्रोबवर हात बसलेल्यांच्या लक्षात येत नाही. तो आत दुमडतो. चित्र एकदम जातं, टोक वळवायचा नॉब जड लागतो, मागे घेताना अडतो. तेव्हा ओढायचं नाही. टोक वळलेलं धरून ठेवणारा लॉक सोडायचा, हलक्या हाताने पुढे पोटात ढकलायचा, टोक सरळ करायचं आणि मगच बाहेर काढायचा. ‘लॉक सोडला का?’ हा तुमचा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि तो प्रत्येक वेळी यायलाच हवा.

पेशंट बाहेर गेला की तुमचं दुसरं काम सुरू होतं, जे कुणी बघत नाही. जेली वाळण्याआधी पुसणं, एन्झाइमने धुणं, गळतीची चाचणी, चाचणीच्या पट्टीने तपासलेल्या ०.५५ टक्के ओपीए या जंतुनाशक द्रावणात १२ मिनिटं. मूठ आणि कनेक्टर द्रावणाबाहेर. मग तीन वेळा खळबळून धुणं, दर वेळी नवं पाणी, सुमारे ८ लिटर, निदान एक मिनिट. तिसरं धुणं वाचवलं तर उरलेलं ओपीए पुढच्या पेशंटच्या तोंडाला आणि अन्ननलिकेला भाजतं. उशीर झाला आहे, बाहेर स्ट्रेचर थांबलं आहे, तरी तुम्ही ते तिसरं पाणी बदलता. प्रोब गुंडाळून पेटीत न ठेवता कपाटात सरळ टांगता.

पेशंटला पहिला घोट पाणी देण्याआधी दोन तास थांबायचं आणि तो घोट तुमच्यासमोरच घ्यायचा, हा तुमचा नियम आता डिस्चार्ज कार्डावर छापून घेतला आहे. तुमच्या वहीतल्या लिग्नोकेनच्या बेरजेचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. खाली तुमचं नाव लिहायची परवानगी हवी आहे, तेवढी द्यावी.

आपले,
इको आणि भूल विभागातील सहकारी