लॉन मोअर सोडा, अवजारे बँकेत स्लॅशर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शनिवार-रविवारी मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या प्लॉटच्या पानभर जाहिराती येतात त्यांच्याविषयी आणि त्यातल्या लॉन मोअरविषयी, म्हणजे गवत कापायच्या मशीनविषयी, हे पत्र आहे. सगळ्या जाहिरातींत हिरवंगार गालिच्यासारखं लॉन असतं, कडेला कौलारू बंगला, आणि हल्ली त्यात एक नवीन पात्र आलंय, छोट्या लाल ट्रॅक्टरसारख्या गाडीवर गोल टोपी घालून बसलेला एक हसरा गृहस्थ, तो गवत कापत असतो. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच रिटायर्ड मंडळींना तो फोटो बघून मशीनचं खूळ लागलंय. ठाण्यात फ्लॅट, तिकडे दहा-पंधरा गुंठ्यांचा प्लॉट, आणि प्रश्न एकच, "अहो किती इंची घ्यावा?", म्हणजे एका फेरीत किती रुंद पट्टा कापणारा. मला विचारतात कारण माझी अख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्समध्ये गेली आणि मशीनचा विषय निघाला की मी थांबत नाही. आताही तेच होणार आहे, तुम्हाला वाटेल तिथे कात्री लावा.

खूळ म्हणालो खरं, पण मी त्याला हसत नाही. मोठं मशीन आपलं स्वतःचं असावं ही हौस खरी असते. २०१९ ला ते जेसीबीच्या खोदाईचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले तेव्हा लोकांनी टिंगल केली, पण घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांचं काम चालू असताना पत्र्याच्या फटीतून आत बघत उभे राहणारे कोण होते, ऑफिसला लेट झालेलेच होते ना. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे ज्याच्या नावावर सातबारा सोडा कुंडीभर माती नाही तोसुद्धा ट्रॅक्टरवर चढतो, स्टिअरिंग धरतो, फोटो काढतो, मग उगाच एचपी विचारतो. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ साली आमच्या वागळेतून झाली, तिथे खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार पडायचा, हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळे हात जोडायचे आणि ज्याचं मशीन तो त्या दिवशी दुसऱ्या कुणाला पुसूही द्यायचा नाही. आता त्यातल्या किती शेडच्या जागी काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि त्याच लेथवाल्याच्या हातात टीव्हीचा रिमोट उरला. टू बीएचकेमध्ये सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे वॉशिंग मशीन, आणि त्याला हात लावायची परवानगी नाही. अशा माणसाला आपण बसून चालवायचं, पुढे गवत वाढलेलं आणि मागे वळून बघितलं की सरळ कापलेला पट्टा, असलं काहीतरी हवंसं वाटलं तर वाटू दे की.

आणि मी स्वतः चालवलंय हो. मुलगा अमेरिकेत ओहायोला असतो, त्याच्या घरामागे जवळपास एकरभर हिरवळ आहे आणि त्याच्याकडे ४२ इंची लॉन ट्रॅक्टर आहे. तिकडे हे काही श्रीमंतीचं लक्षण नाही बरं का, बऱ्याच गावांत गवत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते, त्यामुळे मशीन लागतंच. सीटखाली एक स्विच असतो, पातं फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद. मी मुद्दाम अर्धवट उठून बघितलं, फट्‌ करून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा उठलो. सून किचनच्या खिडकीतून बघत होती, तिला वाटलं बाबांना गाडी जमत नाहीये. पण हा स्विच गंमत नाही, पात्याच्या टोकाचा वेग तिकडच्या स्टँडर्डप्रमाणे मिनिटाला १९,००० फुटांच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास, त्याच्यात बोट गेलं तर विचारच नको, आणि म्हणून नातवंडांना मांडीवर घेऊन चालवणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

बाय द वे, हे मशीन शोधलं एका गिरणीच्या कामातल्या माणसाने. एडविन बडिंग, इंग्लंडमधल्या स्ट्राऊडचा, लोकरी कापडावरची लव एकसारखी कापायचं यंत्र त्याने बघितलं आणि तेच गवताला लावलं, १८३० साली पेटंट घेतलं. त्याच जातीचं फिरत्या सिलिंडरचं मशीन क्रिकेटच्या ग्राउंडवर आणि गोल्फच्या ग्रीनवर अजून चालतं, पातं खालच्या पट्टीवर कात्रीसारखं घासून कापतं. नेरूळच्या डी. वाय. पाटीलला मॅच असली की टीव्हीवर हिरव्याचे फिके-गडद पट्टे दिसतात ते रंगाचे नसतात, रोलरने गवत एकदा इकडे एकदा तिकडे झोपवलेलं असतं. असो.

तर किती इंची. तिकडचा साधा हिशोब असा की अर्ध्या एकराच्या खाली बसून चालवायचं मशीन घेऊच नये, ढकलायचं २१ इंची पुरतं. आपल्या भाषेत वीस गुंठे. ४२ इंची डेक, म्हणजे खालचा पात्यांचा भाग, ताशी सहा किलोमीटरने चालवला आणि वळणं, ओव्हरलॅप वजा केले तरी एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट, पाऊण तासात कापून होतो. आता आपला दहा गुंठ्यांचा प्लॉट घ्या, त्यातून बंगला, बोअर, गाडी लावायची जागा आणि आंब्याची झाडं काढा, इंजिन नीट गरम व्हायच्या आत काम संपलं. दोन लाखांचं मशीन दहा मिनिटं चालणार आणि बाकी वर्षभर त्याच्या सीटमध्ये उंदीर संसार करणार.

ज्यांची जागा खरंच मोठी आहे आणि सपाट आहे त्यांनी आधी गेट मोजावं, चार फुटी गेटमधून ४८ इंची डेक जात नाही हे दुकानात कोणी सांगत नाही. गिअरवाल्यापेक्षा हायड्रोस्टॅटिक घ्या, म्हणजे गिअर न बदलता पेडलवर पुढे-मागे जाणारं, झाडाभोवती पुढे-मागे करताना पाय दुखत नाहीत. आणि ते झिरो टर्न म्हणतात ना, स्टिअरिंग नसलेलं, दोन दांड्यांचं, एकेक दांडा एकेका मागच्या चाकाचा, ते जागच्या जागी गिरकी घेतं म्हणून सगळे त्याच्यावर भाळतात, पण त्याची पुढची चाकं नुसती मोकळी फिरणारी असतात, उतारावर मागची चाकं घसरली की वळवताही येत नाही आणि थांबवताही येत नाही. पंधरा अंशांच्या वर चढ असेल तर बसून चालवायचं कुठलंच मशीन नेऊ नये. आपल्याकडे जाहिरातीत ज्याला हिल व्ह्यू म्हणतात तो बहुतेक वेळा हाच उतार असतो. खारघरला सिडकोचं सेंट्रल पार्क आहे, पलीकडे गोल्फ कोर्स आहे, तसल्या मोकळ्या जागी असल्या मशीनला काम आहे, आपल्या प्लॉटवर नाही.

कारण खरी भानगड मापाची नाहीच, पावसाची आहे. ओहायोत गवत एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला चार बोटं वाढतं आणि मध्ये ऊन पडतं, जमीन घट्ट राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जेव्हा गवत वेड्यासारखं वाढतं तेव्हाच जमीन इतकी भिजलेली असते की त्या गुळगुळीत टायरची गाडी रुतून बसते, आणि ओलं गवत डेकखाली चिखलासारखं थापून पातंच अडकतं. पंधरा दिवस गेला नाहीत की गवत कमरेला. लॉन मोअर वीतभर गवतासाठी बनवलेला असतो, कमरेएवढ्याला तो नुसता आडवा पाडतो. ऑक्टोबरात जमीन वाळते तेव्हा गवताखालचे दगड दिसत नाहीत आणि मुरबाड-शहापूरला काळ्या दगडाला तोटा नाही. मोअरचं पातं स्पिंडलला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्याला, बोल्टने पक्कं आवळलेलं, दगडावर आपटलं की पातं वाकतं नाहीतर स्पिंडल जातो, आणि तो स्पिंडल, तो बेल्ट इकडच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही, परदेशातून कोणी बॅगेत घालून आणेपर्यंत मशीन ताडपत्रीखाली. आणि जाहिरातीतल्यासारखं लॉन एप्रिल-मेमध्ये टिकवायचं तर रोज पाणी मारा. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं आहेत, मुंबई त्यांच्यावर पाणी पिते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथे लॉनला स्प्रिंकलर लावणाऱ्याला मी तरी शेजारी मानणार नाही.

मग गवत कापूच नये का, तर कापलंच पाहिजे, पण शोभेसाठी नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि होळीपर्यंत कुठून तरी वणवा येतो, कोणी विडी टाकतं, कोणी मुद्दाम लावतं. आमच्या शेजारच्या प्लॉटवरची हापूसची कलमं अशीच गेली, ठिबकच्या नळ्यांसकट, मालक ठाण्यात होते, त्यांना चार दिवसांनी कळलं. कुंपणाच्या आतून दहा फूट जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढून ठेवली असती तर वाचली असती. दुसरी गोष्ट फुरसं आणि घोणस, उंच गवतात आणि दगडात ही दोन्ही असतात, आणि बूट न घालता गेटचं कुलूप काढायला जाणारे शहरातले आपणच असतो. आणि गवत कापायची खरी वेळ दसऱ्यानंतरची, म्हणजे नेमकी भातकापणीची, तेव्हा गावात माणूस मिळत नाही आणि मिळू नये, त्याने आधी आपलं भात काढावं की तुमचं लॉन? ब्रश कटर खांद्याला लावून गावातला पोरगा येतो, छान काम करतो, पण उन्हात दिवसभर ते धडधडणारं ओझं खांद्यावर घेऊन वीस गुंठे म्हणजे चेष्टा नाही. त्याला गॉगल आणि गमबूट तरी द्या, खडा उडून डोळ्यात जातो.

याला सरळ उत्तर आहे, मिनी ट्रॅक्टर आणि मागे स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडून उंच गवत कापायचं अवजार. पंधरा-अठरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर आपल्याकडेच बनतो, तीन लाखांच्या आसपास सुरू होतो, तालुक्याच्या गावात पार्ट मिळतात, मेस्त्री मिळतो. स्लॅशरला फुटाला साधारण पाच एचपी धरतात म्हणजे त्याला तीन फुटी चालेल, पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, ५४० आरपीएमला. आणि स्लॅशरची पाती आवळलेली नसतात, पिनेवर मोकळी लोंबत असतात, फिरताना जोराने ताठ होतात आणि दगड लागला की मागे वळतात. मशीन डिझाइन करणाऱ्याने रान बघितलेलं आहे हे असं कळतं. उतार मात्र ट्रॅक्टरलाही उतारच, आडवा चालवू नका. ज्यांना हौस भागवायची आहे आणि पैसे आहेत त्यांनी चार प्लॉटवाल्यांनी मिळून एक घ्यावा, आळीपाळीने बसावं, दसऱ्याला हार कोण घालणार यावर भांडावं.

पण प्रत्येकाने घ्यायची गरजच काय. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून अवजारे बँकांना अनुदान मिळतं, शेतकरी गट ट्रॅक्टर, रोटाव्हेटर घेतात आणि भाड्याने देतात. आमच्या बाजूला मी ज्या बघितल्या त्यात नांगर होता, रोटाव्हेटर होता, मळणी यंत्र होतं, स्लॅशर एकात पण नव्हता. ठाणे जिल्ह्याच्या कृषी विभागाला माझी विनंती आहे की मुरबाड, शहापूर पट्ट्यातल्या अवजारे बँकांच्या यादीत स्लॅशर घालावा. आम्हा शनिवार-रविवारवाल्यांना सवलत अजिबात देऊ नका, तासाचं पूर्ण भाडं लावा, आम्ही देतो, सोसायटीच्या मेंटेनन्सपेक्षा कमीच असेल. गावातल्याला सवलतीत द्या. भात निघालं की ट्रॅक्टर तसेही रिकामे असतात, त्या दिवसांत गावातल्या पोरांना चार पैसे मिळतील आणि वणवा एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जायचा कमी होईल. प्लॉट विकणाऱ्यांनी विक्रीच्या वेळीच जाळरेषेचं वर्षाचं कंत्राट बांधून द्यावं, क्लब हाऊसपेक्षा ते जास्त उपयोगी आहे. आणि संपादक साहेब, तुमच्या जाहिरात खात्याला एक विचारा, तो टोपीवाला गृहस्थ जुलै महिन्यात कुठे असतो.

स्लॅशर खरंच आला तर सोबत शिअर बोल्टची दोन पाकिटं ठेवायला सांगा. जास्त लोड आला की तो बोल्ट आधी तुटतो आणि तो तुटलाच पाहिजे, त्याच्या जागी जाडजूड हाय टेन्साईल बोल्ट ठोकणारा एखादा हुशार ड्रायव्हर दर गावात असतो आणि तो गिअरबॉक्स फोडल्याशिवाय राहत नाही.

आपला,
एक जुना वाचक
चरई, ठाणे (प.)