काका, तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात म्हणून

आदरणीय काका,

आत्याच्या जुन्या लेन्सने फोटो काढायला शिकवलंत, त्याचे समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. परवाही तेच केलंत. म्हणून आता लिहूनच सांगते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं सांगते. हातात जुनी मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची लेन्स आणि बॅगेत डिजिटल कॅमेरा घेऊन "या दोघांचं जमेल का हो?" असं विचारत फिरणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना वाटेला लावलं जातं.

लेन्सची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या आत्याची मिनोल्टा एमडी ५० मिमी, एफ/१.७ (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं भोक मोठं). आमच्या घरातले निम्मे जुने फोटो तिने याच लेन्सने काढलेले आहेत. आता तिची नजर अधू झाली, हात थरथरतो. तिने लेन्स माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या डिजिटलवर लाव, पडून राहायला नको." त्यानंतर तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काढलास का गं माझ्या लेन्सने फोटो?"

मला उत्तर देता येत नव्हतं. कॅमेरे विकणाऱ्या एका गृहस्थांनी लेन्सचं झाकणसुद्धा काढलं नाही. "कंपनीच बंद पडली, कुठल्याच डिजिटलवर ही बसायची नाही, शोकेसमध्ये ठेवा." मी अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी, मागवून लावला, तर कॅमेरा लेन्स नाही म्हणून शटरच दाबू देईना. एका कार्यशाळेत शिकवणाऱ्यांनी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधी कॅमेरा हातातून घेतला, मेनूत भराभर काहीतरी दाबलं, दोन फ्रेम मारल्या आणि "हे बघा, चालतंय की" म्हणून परत दिला. काय दाबलं असं विचारलं तर म्हणाले, "ते सोडा, तुम्ही फोटो काढा." पुढे कॅमेऱ्याची सेटिंग्ज रिसेट झाली आणि मी पुन्हा होते तिथेच. आणि ज्यांच्या फोटोंकडे मी कायम आदराने पाहत आले, त्यांनी चारचौघांत ऐकवलं, "ऑटोफोकस असताना हा हट्ट कशाला? वेळ बराच दिसतोय तुमच्याकडे." तो राग अजून गेलेला नाही. यांतल्या निदान दोघांना उत्तर माहीत होतं. ते सांगावंसं वाटलं नाही, हे जास्त लागलं.

तुम्ही लेन्स पाहिलीत आणि विचारलंत, "कोणी वापरलीय ही?" तोवर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

मग टॉर्च काढलात. टॉर्च तुम्ही धरलात, लेन्स मला धरायला लावलीत. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक, पूर्ण उघडून काचेतून तिरपा उजेड टाकलात आणि मलाच विचारत राहिलात, धागे दिसतात का, धुरकट पडदा दिसतो का. बुरशी नव्हती. ॲपर्चरची रिंग फिरवून पाती मिटायला-उघडायला सांगितलीत. पात्यांवर तेल नाही, फोकसची रिंग इतक्या वर्षांनीही लोण्यासारखी फिरते. "तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या आत्याने जपलीय," म्हणालात. हे वाक्य मी त्याच संध्याकाळी आत्याला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ती पलीकडे काही बोलेचना.

"कुठल्याच डिजिटलवर बसत नाही" या म्हणण्यात तथ्य कुठवर आणि चूक कुठे, तेही तुम्ही उलगडून दाखवलंत. मिनोल्टाचा हा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते तो सांधा, १९५८ चा. लेन्स टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४३.५ मिमी. १९८५ मध्ये याच कंपनीने मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकस कॅमेरा आणला, तेव्हा माउंट बदलला आणि ते अंतर ४४.५ मिमी झालं. एका मिलिमीटरने लेन्स पुढे सरकली, आणि तेवढ्यानेच तिचा इन्फिनिटीचा, म्हणजे अगदी दूरचा, फोकस गेला. पुढे तोच नवा माउंट डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही आला, त्यामुळे आत्याच्या लेन्सचे भाऊबंद कपाटात पडून राहिले. मिररलेसमध्ये मधला आरसाच गेला. माझ्या सोनीच्या ई माउंटचं अंतर अवघं १८ मिमी. उरलेले २५.५ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे माझा अडॅप्टर. आत काच नाही, विजेचा संपर्क नाही. म्हणून तर कॅमेऱ्याला लेन्स लागलीय हे कळत नाही. मला इतके दिवस वाटत होतं की माझ्या कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये काहीतरी बिघडलंय. पाच मिनिटांत ते ओझं उतरलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. त्या अख्ख्या दुपारी माझा कॅमेरा तुमच्या हातात एकदाही गेला नाही.

लेन्स नसल्याचा संदेश पडद्यावर आला, तेव्हा मी सवयीने कॅमेरा तुमच्यापुढे केला होता. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलंत आणि म्हणालात, "मेनू तू उघड. लेन्स नसताना शटर चालू द्यायचं का, असं विचारणारी एक ओळ असेल. शोध." मला ती सापडायला बराच वेळ लागला. मी एक पान उलटत होते, परत मागे येत होते. मध्येच तुमचा खांदा जरा पुढे झुकला. तुम्हाला ती ओळ दिसली होती, माझी नजर तिच्यावरून घसरून गेली होती, हे मला तेव्हाच कळलं. तरी हात सुटले नाहीत. तुम्ही काही बोललाही नाहीत. मी परत फिरून त्या ओळीवर आले, ती चालू केली, शटर वाजलं, आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "आता पुढचं." पुढचं म्हणजे हाताचा कंप सावरणाऱ्या स्टॅबिलायझरला लेन्सची फोकल लेंथ (तिच्यावरचा मिमीचा आकडा) हाताने भरून देणं. मी ७५ भरू का विचारलं. लहान सेन्सरमुळे दीडपट करायचा तो क्रॉपचा हिशेब फ्रेम किती दिसते त्याच्यासाठी, इथे लेन्सवर छापलेले ५० च भरायचे, हे तेव्हा समजलं. हे सगळं आज मी डोळे मिटून करू शकते, कारण ते माझ्याच बोटांनी केलेलं आहे.

नंतर खुर्ची ओढून तुम्ही माझ्यासमोर मीटरभर अंतरावर बसलात. "डोळा धर." मी पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, चालू केलं होतं. लाल रेघा तुमच्या चष्म्यावर आल्या, काडीच्या स्क्रूवर आल्या, शर्टाच्या विणीवर आल्या, मला वाटलं झालं. फोटो मोठा करून पाहिला तर चष्म्याच्या फ्रेमची कड लख्ख आणि पापण्या मऊ. एफ/१.७ ला एका मीटरवर, माझ्या एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सरवर, शार्प राहतो तो पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, तेव्हा हे व्हायचंच. पीकिंग हा कॅमेऱ्याचा अंदाज असतो, जिथे कॉन्ट्रास्ट जास्त तिथे तो रेघ मारतो. डोळा कुठला आणि काडी कुठली, हे त्याला काय माहीत? "आधी पीकिंगने जवळ जा, मग मॅग्निफाय करून पापणी शोध," म्हणालात. आणि मग जे सांगितलंत ते मला कुठल्याच व्हिडिओत ऐकायला मिळालं नव्हतं: शार्प दिसलं की लगेच थांबायचं नाही. रिंग पुढे जाऊ द्यायची, चित्र बिघडू द्यायचं, मग परत यायचं. पुढे, मागे, पुन्हा थोडं पुढे, फेरा दर वेळी लहान.

जुन्या लेन्सची रिंग लांब फिरते ते यासाठीच, हेही मला त्याच खुर्चीसमोर समजलं. बोटभर फिरवलं तरी चित्रात जरासाच फरक पडतो, म्हणून नेमकी जागा सापडते. आणि अगदी जवळून काढताना रिंग सोडून द्यायची आणि आपणच अर्धा इंच पुढे-मागे झुलायचं. किती वेळ तुम्ही तसेच बसून होतात! मान हलवली नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाहीत, "जमलं का?" म्हणून विचारलं नाहीत. माझ्या दंडाला रग लागली तेव्हा कोपर छातीला टेकवायला सांगितलंत, तेवढंच.

ॲपर्चरचंही तसंच. एफ/८ ला फोकसची रिंग कुठेही ठेवली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच बरं दिसतं, म्हणून फोकस वाइड ओपन, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून करायचा आणि मग बिनबघता क्लिक मोजत ॲपर्चरची रिंग एफ/४ वर आणायची. इथे ॲपर्चर खरोखर मिटतं, ते बोटाखाली कळतं. मला त्या क्लिकचं वेड लागलंय.

निघताना तुम्ही तुमची २८ मिमी लेन्स माझ्या बॅगेत टाकलीत. कधी परत करू विचारलं तर म्हणालात, "आधी वापर तर." कुठल्या ॲपर्चरला कुठून कुठपर्यंत शार्प राहील ते दाखवणाऱ्या तिच्यावरच्या रेघांचा अर्थही जाता जाता सांगितलात. त्या रेघा २४ × ३६ मिमीच्या फिल्मसाठी कोरलेल्या, माझा सेन्सर लहान, म्हणून ॲपर्चर एफ/८ ठेवलं तर वाचायच्या ५.६ च्या रेघा. फोकसची रिंग पाच मीटरच्या आसपास ठेवली की साधारण अडीच मीटरपासून इन्फिनिटीपर्यंत सगळं चालून जातं, आणि मग फोकसला हात न लावता नुसतं पाहत चालता येतं. मी तशी चालते आहे. पळत्या मुलांचे इतके जिवंत फोटो माझ्या ऑटोफोकसनेही कधी दिले नव्हते.

काका, ज्ञान असणारी माणसं मला बरीच भेटली. समोरच्याला शिकायला वेळ लागतोय, तो लागू द्यावा, असं वाटणारी फार थोडी. कॅमेरा काढून घेणं सोपं असतं. दहा सेकंदांत काम होतं, आपलं कसब दिसतं, आणि समोरचा ओशाळून आभार मानतो. हात पाठीमागे धरून उभं राहायला माणूस मुळात भला असावा लागतो. असा भलेपणा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे करून दाखवण्यासारखं काही घडतच नाही. माझ्या लक्षात आला आहे, आणि तो चारचौघांत बोलून दाखवायचा होता. चारचौघांत मला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचंही हेच उत्तर.

आत्याचा फोटो मी तिच्याच लेन्सने काढला. एफ/२.८, खिडकीचा उजेड, डावा डोळा. मोठा प्रिंट करून नेला. तिने भिंग लावून आधी स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही, पापणी पाहिली. "फोकस मारलायस गं," म्हणाली. मग विचारलं, "कोणी शिकवलं?" मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. तिने तुम्हाला नमस्कार कळवलाय, आणि तिच्या कपाटात अजून एक १३५ मिमी निघालीय, तीही आता माझ्याकडे आली आहे. तिच्या पात्यांवर मला तेल दिसतंय. टॉर्चने पाहिलं, पाती सावकाश मिटतात. ही उघडून साफ करायला द्यावी, की एफ/३.५ लाच वाइड ओपन वापरत राहावं? मला वाटतं उघडावी. पण तुम्ही सांगाल त्या दिवशी घेऊन येते, टॉर्च तुम्ही धरा.

तुमची कृतज्ञ,
आत्याची भाची